कटिंगपुरता लूक

सासरेबुवांचा घसा बसला आणि इकडे जावईबापूंचं धाबं दणाणलं. रविवारी उपासनेनंतर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाची पार्श्वभूमी आणि हेतू सासरेबुवा समजावून सांगणार होते. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, त्यांना ते हातचा मळ. पण ऐन वेळी आवाजच गेला. आता कोण बोलणार, असं पाळकसाहेबांनी विचारताच जावईबापूंच्या बायकोनं नवऱ्याला न विचारता नवऱ्याचंच नाव सांगून टाकलं.

जावईबापूंचं सलून होतं. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की त्यांची जीभ सुटायची. चार माणसांसमोर उभं केलं की टाळ्याला चिकटायची. स्वतःच्या लग्नात आभार मानायला उठले, ते “बसा” म्हणून स्वतःच खाली बसले. त्या दिवसापासून सासऱ्यांनी या ध्यानाशी थेट बोलणं सोडलं. समोर बसलेले असले तरी निरोप मुलीमार्फत: “त्यांना म्हणावं, जेवून घ्या.” जावईबापूंना हे फार लागायचं. म्हाताऱ्यानं एकदा तरी आपल्याकडे बघून बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून त्यांनी तयारी दुकानातच सुरू केली. येईल त्याच्या गळ्यात कापड बांधायचं आणि लूक चालू करायचा. कापड बांधलेला माणूस पळून जात नाही, हा या धंद्यातला मोठा फायदा. पण भाषण लांबलचक आणि डोकी नेहमीएवढीच. दाढीवाल्याला लूक वैद्य होता एवढं कळेपर्यंत त्याचं तोंड पुसून व्हायचं. कटिंगवाला फार तर लूकनं ज्याच्यासाठी लिहिलं त्या थियफिलापर्यंत पोचायचा. हेतू आला की गिऱ्हाईक रस्त्यावर.

मग जावईबापू मुद्दाम रेंगाळू लागले. पण हात कुठे स्वस्थ बसतोय? लूक प्रेषित पौलाबरोबर कुठे कुठे फिरला ते ऐकवता ऐकवता पोस्टमनच्या डोक्याचं मैदान झालं. बेकरीवालीच्या नवऱ्याची मिशी गेली. ती तावातावानं जाब विचारायला आली, तर लूकनं बायकांना किती मानानं जागा दिली हे तिला ऐकावं लागलं. भांडण विसरून ती ऐकत राहिली, हे मात्र खरं.

रविवारी सभागृह भरलं. तासलेली डोकी रांगेनं बसली होती. सासरेबुवा अगदी पुढे, गळ्याला मफलर. जावईबापू उभे राहिले, “लूक” म्हणाले आणि गाडी तिथेच रुतली. बायकोनं डोळे मिटले. ती प्रार्थना नसावी.

तेवढ्यात पोस्टमन उठला. आपलं डोकं गेलं ते फुकट कशाला जावं, असा विचार त्यानं केला असेल. लूक वैद्य होता आणि पौलाचा सोबती होता, असं त्यानं ठणकावून सांगितलं. बेकरीवालीचा नवरा उठला. म्हणाला, लूकनं स्वतः येशूला पाहिलं नव्हतं, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारून त्यानं लिहिलं. बेकरीवालीनं बायकांचा मुद्दा सांगितला, अंमळ जोरातच. थियफिल नावाच्या माणसासाठी लिहिलं, हे कोणीतरी मागून पुरवलं. पाळकसाहेब थक्क झाले. पण हेतू राहिलाच. त्यापुढे कोणाचेच केस पुरले नव्हते.

सासरेबुवा काठी टेकत उभे राहिले. फाटक्या आवाजात, सरळ जावयाकडे बघत त्यांनी विचारलं, “आधी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. मग यानं पुन्हा कशासाठी, जावईबापू?”

जावईबापूंना सभा दिसेनाशी झाली. समोर एकच माणूस उरला, आणि एका माणसाशी बोलणं त्यांना चांगलं जमत होतं.

“थियफिलानं सगळं ऐकलं होतं, पण दुसऱ्यांच्या तोंडून,” ते म्हणाले. “खरं मानावं की नाही, असं झालं असेल त्याला. लूकनं मुळापासून चौकशी केली ती त्याला खात्री वाटावी म्हणून. नुसत्या निरोपानिरोपीवर कोणाचीच खात्री पटत नाही, बाबा.”

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलंच. बायकोनं डोळे उघडले. सासरेबुवा मफलर सारखा करत खाली बसले.

सभा संपल्यावर दाराशी मुलगी नेहमीसारखी त्यांचा निरोप पोचवायला पुढे झाली. त्यांनी तिला हातानंच बाजूला केलं.

“उद्या दुकान किती वाजता उघडता?” त्यांनी जावयाला विचारलं.

जावईबापूंनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. कानांमागे काय ते चार केस उरले होते. “सकाळीच उघडतो, बाबा. पण कापायचं काय?”

“ते तुम्ही बघा,” सासरेबुवा म्हणाले. “फक्त हळू कापा. लूक झाला, आता मला योहान ऐकायचाय.”