आण्णा मगदूमांचा मोकळा दिवस

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाला आण्णा मगदूम एक दिवस आधी आले होते.

एक दिवस आधी म्हणजे हळदीला नव्हे. हळद संध्याकाळी होती. हे नवरा-बायको दुपारी दोन वाजता कार्यालयात हजर. मांडववाले शिडीवर चढून कापड ताणत होते, आचाऱ्याची माणसं कांदे चिरत होती आणि मी फुलवाल्याशी भांडत होतो. आण्णांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, सुशीलाकाकू ठेवणीतली साडी नेसून. दोघं तडक स्टेजवर गेले. तिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या होत्या. आण्णांनी खिशातून अक्षता काढल्या, निम्म्या काकूंच्या हातावर ठेवल्या आणि दोघांनी त्या रिकाम्या खुर्च्यांवर टाकल्या. मग आहेराचं पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, "झालं. उद्या हितं मुंगी शिरायची न्हाय. सुखानं नांदू देत."

मी चिडलो. सायकलच्या कॅरिअरला टाइल्सचे नमुने बांधून गावोगाव फिरलेल्या माणसाने शिवाजी पेठेत स्वतःच्या जोरावर दुकान उभं केलं, मुलीचं लग्न थाटात काढलं, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्याला त्यात काय दिसलं? तर गर्दी! लग्नात माणसं नसतील तर काय नुसत्या खुर्च्या असतील? तो राग मी पुढे बरीच वर्षं व्यवस्थित सांभाळला. राग सांभाळण्यात माझा हात धरणारा पेठेत दुसरा कोणी नाही.

आण्णांनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाच्या गाड्यांना नंबर द्यायचं काम. हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग फाटकापासून पार कालव्याच्या पुलापर्यंत जायची. "रंगराव," ते मला सांगत, "मी रांगेत माणसं म्हातारी झालेली बघितल्यात." निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता रांग म्हणून उभं राहायचं नाही. तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न: "मोकळं हाय न्हवं?" दातांच्या डॉक्टरला फोन केला तरी हेच, पिठाच्या गिरणीत डोकावले तरी हेच. देवळात ते भर दुपारी जात. "देव निवांत असला की ऐकतो," म्हणत. सोमवारी न्हाव्याची दुकानं बंद असतात याचा त्यांना मनापासून संताप येई. "एवढा मोकळा दिवस, आणि वाया घालवतोय बगा!"

पण त्यांचा खरा अभ्यास होता तो हायवेवरच्या नव्या पार्कचा. पाण्याच्या घसरगुंड्या, लहान आगगाडी, आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा असलेला आकाशपाळणा. सुशीलाकाकूंनी तो एकदा रिक्षातून जाताना पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यात एकदा बसायचं हाय मला." एवढंच. काकू जन्मात दुसरं काही मागत नसत. त्या दिवसापासून आण्णांनी एक वही सुरू केली. पार्क कधी मोकळा असतो, त्याची वही.

ती वही मी पाहिली आहे. सुट्टीचा दिवस बाद. सुट्टीनंतरचा दिवसही बाद, कारण "काल गर्दी असंल म्हणून आज आलेली शाणी माणसं" तेव्हा येतात. अमावास्या उत्तम, कारण लोक उंचावर चढायला कचरतात. लग्नाची दाट तिथी त्याहून उत्तम, सगळं गाव कार्यालयात. रविवारी दुपारी बारा ते तीन मध्यम, कारण मटण खाऊन कोल्हापूर झोपलेलं असतं. पण तीननंतर तेच कोल्हापूर अंग मोडून बाहेर पडतं. दोन वर्षं अभ्यास चालला होता आणि काकू काही पाळण्यात बसल्या नव्हत्या. दर वेळी काही ना काही निघायचं.

मलाही दुकानातली माणसं आणि घरचे घेऊन तिथं जायचं होतं. मी पार्कच्या मॅनेजरला दोन चहा आणि एक तास एवढ्यात असा दाबला की अठरा माणसं जवळजवळ निम्म्या भावात. मोठ्या मनाने आण्णांकडे गेलो.

"शनिवारी चला. तुमची दोघांची तिकिटं माझ्याकडं."

"शनिवारी?" आण्णांनी वही उघडली. "रंगराव, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? शनिवार फुकट दिला तरी म्हाग हाय. निपाणीकडच्या तीन शाळांच्या सहली हाईत."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"हेडमास्तरास्नी फोन केलता. पालक बोलतोय म्हणून."

आण्णांना मूलबाळ नाही.

मी शनिवार सोडला. पुढचा बुधवार काढला, तर इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याने त्याच्या सगळ्या कामगारांना त्याच दिवशी तिथं न्यायचं ठरवलं होतं. तेही आण्णांना माहीत. मी घासून घासून मिळवलेले भाव हा माणूस एका वहीने मोडीत काढत होता. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "त्या म्हाताऱ्याचं नाव काढू नको माझ्यासमोर." ती म्हणाली, "मी कुठं काढलं? तुम्हीच रोज काढताय."

मग एका सकाळी आण्णा स्वतःच दुकानात आले. गिऱ्हाईक नसताना, अर्थात.

"घावला! गुरुवार. फुटबॉलची फायनल!"

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे तालमी नुसत्या कुस्तीच्या नसतात, त्यांचे फुटबॉलचे संघ असतात. पेठेतल्या दोन तालमी फायनलला समोरासमोर आल्या की त्या दिवशी बारसं ठेवायचीही कोणाची छाती होत नाही.

"निम्मं गाव ग्राउंडात," आण्णा बोटांवर मोजत म्हणाले, "आनि उरलेलं निम्मं, आत का घेतलं न्हाय म्हणून भाईर भांडत. पार्कात कोण? तुमी, आमी आनि पाळणेवाला."

हिशेब बिनतोड होता. मी मॅनेजरला गाठलं. "गुरुवारी तुमच्याकडं कुत्रं फिरकणार न्हाय. माझी अठरा माणसं म्हणजे जत्राच समजा." त्याने भाव आणखी उतरवला. त्या आनंदात मी आण्णांना जवळजवळ माफ करून टाकलं.

गुरुवारी सकाळी दहाला पार्क खरोखर ओसाड होता. तिकीटवाला जांभया देत होता. आण्णा फाटकातून आत आले ते लग्नातल्या वरबापासारखे. सुशीलाकाकूंना मी इतकी वर्षं खिडकीच्या गजाआड नाहीतर अंगणात रांगोळी काढताना पाहत आलो होतो. त्या अशा मोकळ्या चालतात हे मला माहीतच नव्हतं. लहान आगगाडीत त्या तीनदा बसल्या. माझ्या बायकोचा हात धरून पाळण्याकडे निघाल्या तेव्हा वळून म्हणाल्या, "तुमी येत न्हाय व्हय?"

"तू बस. मी खालनं लक्ष ठेवतो," आण्णा म्हणाले. त्यांचं लक्ष पाळण्याकडे नव्हतं, फाटकाकडे होतं.

आणि त्या फाटकातूनच हलगीचा आवाज आला.

झालं होतं असं की आदल्या संध्याकाळी झेंडे बांधण्यावरून दोन्ही तालमींच्या पोरांची जुंपली होती, आणि सकाळी फायनल पुढे ढकलली गेली. पण रजा टाकून झाल्या होत्या, टेम्पो सजले होते, हलगीवाले ठरले होते, बिर्याणीचे हंडे शिजले होते. आमच्या गावचा माणूस एकदा टाकलेली रजा वाया जाऊ देत नाही. आता जायचं कुठं? दोन्ही तालमींना एकच जागा सुचली.

पाच मिनिटांत पार्कचा रंग बदलला. टेम्पोमागून टेम्पो, झेंडे, शिट्ट्या, गुलाल. घसरगुंडीवरून एक तालीम खाली येत होती आणि दुसरी खालून तिला शिव्या घालत होती. मॅनेजर माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच त्याला फसवलं. सगळी गर्दी आकाशपाळण्याच्या कठड्याला येऊन भिडली. पाळणेवाल्याने घाबरून पाळणा थांबवला. काकू आणि माझी बायको बरोबर टोकाला.

मला हसू येत होतं. इतक्या वर्षांचा राग वसूल होत होता. "काय आण्णा," मी म्हणालो, "मोकळं हाय न्हवं?"

आण्णा पाळणेवाल्याचा दंड धरून ओरडत होते, "खाली घे! न्हाय, खाली घेऊ नको! वरच ऱ्हाऊ दे!"

"आजोबा, एकदा काय ते ठरवा की!" पाळणेवाला वैतागला.

मी आण्णांना बाजूला ओढलं. "अवो, एवढं काय झालंय? उतरतील की काकू."

"न्हाय उतरायची. गर्दीत तिचा श्वास कोंडतो. मागं एकदा भाजी मंडईत पडली, दातखीळ बसलती." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जत्रेला नेलती. मीच. ती नको म्हणत हुती. रेटारेटी झाली, माझ्या हातातनं तिचा हात सुटला. माणसं तिच्या अंगावरनं गेली, रंगराव. तवापास्नं ती गर्दीला भिऊन ऱ्हाती."

माझं तोंड बंद झालं. ते फार वेळा होत नाही.

मी गर्दीत घुसलो. दोन्ही तालमींची पोरं मला ओळखतात. निम्म्यांच्या घरात माझ्याच टाइल्स आहेत. एका तालमीचा पुढारी पिंट्या, डोक्याला फडकं बांधून कठड्यावर उभा होता.

"पिंट्या, दहा मिनिटं हलगी बंद कर आणि पोरं मागं घे. वर एक म्हातारी हाय, गर्दीला भिते. तिला फाटकापर्यंत न्यायचं हाय."

"आनि त्ये?" त्याने दुसऱ्या तालमीकडे हनुवटी उडवली. "त्ये हलत न्हाईत, तवर आमी हलायचं व्हय?"

मी सवयीने बोलून गेलो, "दोघांस्नी आईस्क्रीम माझ्याकडनं. सगळ्यांस्नी. बोल."

पिंट्या कठड्यावरून खाली उतरला. "काका, म्हातारीला वाट द्यायचा पण भाव करताय व्हय? लाज हाय का न्हाय?"

मला लाज वाटली. तीही फार वेळा वाटत नाही.

पुढचं मी काही केलं नाही. पिंट्याने एक शिट्टी मारली, दुसऱ्या तालमीच्या पुढाऱ्याला हाताने काहीतरी खुणावलं, आणि मिरवणुकीत गणपतीला वाट करतात तशी पोरांनी हाताला हात गुंफून साखळी धरली. पाळण्यापासून फाटकापर्यंत डावीकडे एक तालीम, उजवीकडे दुसरी. मध्ये चार माणसं आडवी चालतील एवढी वाट. सगळ्यांनी पाठी वाटेकडे केल्या, म्हणजे म्हातारीला तोंडं दिसायला नकोत. "तुमची रांग वाकडी हाय," असं इकडून कुणीतरी दबक्या आवाजात म्हटलं, तिकडून "तुमचं नाक वाकडं हाय" आलं, मग तेही थांबलं. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी पेठेत कधी अनुभवली नव्हती.

पाळणा हळूहळू खाली आला. माझी बायको आधी उतरून बाजूला झाली. काकूंनी डोळे गच्च मिटले होते. आण्णांनी दोन्ही हातांत त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "चल. मोकळं हाय."

त्या डोळे न उघडता निघाल्या. दहा-बारा पावलांवर त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. डावीकडे पाठी, उजवीकडे पाठी, मान खाली घातलेली, गुलालाने माखलेली पोरं. फाटक अजून बरंच लांब होतं. काकू थांबल्या.

आण्णा घाबरले. "काय झालं? चल की. चल."

साखळीच्या शेवटी एक म्हातारा हलगीवाला पोटाशी हलगी दाबून धरून उभा होता, वाजेल या भीतीने. काकू त्याच्याकडे बघत होत्या.

"वाजीव की बाबा," त्या म्हणाल्या. "हळू."

हलगीवाल्याने आण्णांकडे पाहिलं. आण्णा मानेने नाही-नाही म्हणत होते. त्याने टिपरी खिशात घातली आणि बोटाच्या टोकांनी चामड्यावर ठेका धरला, इतका हलका की पलीकडच्या झाडावरचे कावळेही उडाले नाहीत. पाठमोऱ्या पोरांतल्या एक-दोघांचे खांदे आपसूक हलायला लागले. काकू ऐकत उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी आण्णा, घामाने भिजलेले, काकूंचा हात घट्ट धरून, आता त्यांनीच डोळे मिटले होते.