हिराकाकींची फळीवरची केरसुणी

आमच्या समोरच्या हिराकाकींकडून पाहुणा निघाला की त्यांची केरसुणी फळीवर चढते आणि तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत खाली उतरत नाही. माणूस बाहेर पडल्यावर लगेच केर काढू नये, हे आपण सगळेच पाळतो. पण आपण पाळतो ते एसटी नजरेआड होईपर्यंत! काकींचे पाहुणे जातात इटलीला, जपानला. तोवर दोन-दोन दिवस घरात भाताचं तूस आणि शेजारच्या फार्महाऊसच्या बांधकामाची धूळ साठते. मग आमच्या दारात येऊन एकच प्रश्न, "मास्तर, पोचलं का?"

मास्तर म्हणजे मी. कोळवण खोऱ्यातल्या या गावात जन्मभर पाढे शिकवले, आता निवृत्त होऊन काकींचे मेसेज वाचतो. त्यांच्याकडे बटणांचा फोन, म्हणून परदेशी पोरांना नंबर माझा. देताना मला विचारलं वगैरे काही नाही.

डोंगरापलीकडच्या एका मोठ्या शाळेत परदेशातली अकरावी-बारावीची मुलं वर्षभर शिकायला येतात आणि इथल्या घरांत राहतात. त्यांना ठेवून घ्यायच्या अटींचा कागद वाचूनच गावातल्या शिकलेल्या घरांनी हात जोडले. काकींनी कागद हातात धरला नाही. "पोर हाय न्हवं? जेवतंय न्हवं? मंग आनून सोडा." मुलांची सोय लावणाऱ्या संस्थेच्या बाईंनी विचारलं, वेगळी खोली आहे का?

"हाय की. रिकामीच हाय."

ती खोली सुनीलची. काकींचा एकुलता एक. बारा वर्षांपूर्वी सकाळी हिंजवडीला कामावर निघाला आणि वळणावर मोटरसायकल घसरली. गावात त्याचा विषय कुणी काढत नाही. मी तर नाहीच.

पहिली आली इटलीची क्लारा. गुणी पोर. निघायच्या दिवशी कुणाला न सांगता तिनं खोली लख्ख झाडली आणि केराची सुपडी घेऊन दारात उभी राहिली. दुसऱ्याचं घर घाण सोडू नये, असं आईनं शिकवलं असणार. काकींनी "आगं बया बया!" अशी किंकाळी फोडली, की मी अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो.

"पसर! समदं परत पसर! आपल्या हातानं आपला माग पुसती व्हय?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, बाई गं, कचरा परत टाक. तिला वाटलं आपलं झाडणंच पसंत पडलं नाही, म्हणून ती रडायला लागली. बाहेर जीपचा हॉर्न, आणि आत दोघी मुठीमुठीनं केर पसरताहेत. मला हसू आवरेना. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मग आला ब्राझीलचा लुकास. काकींचा 'लक्ष्या'. ताडमाड उंच, दाराची चौकट रोज डोक्याला लागायची. काकींबरोबर चिखलात उतरून त्यानं भाताची लावणी केली, वाकडी केली, काकींनी ती कौतुकानं गावभर दाखवली. मराठीतला एक शब्द मात्र त्यानं पक्का केला. शाळेतून येवो की दुकानातून, गल्लीच्या तोंडापासून ओरडायचा, "काकी, पोचलो!" आणि काकी चुलीपुढून म्हणायच्या, "आलं गं बाई माझं."

मे महिन्यात तो गेला. केरसुणी फळीवर चढली. दोन दिवस झाले, चार झाले, मेसेज नाही. संस्थेच्या बाईंनी कळवलं की विमान वेळेवर उतरलं, मुलगा घरी आहे.

"इमान पोचलं आसंल," काकी म्हणाल्या. "मी पोराचं इचारतेय. त्यानं सांगू दे."

मी त्याला तीन मेसेज टाकले. त्यानं वाचलेले दिसत होते, उत्तर नाही. पोरांची जातच तशी. घरी गेली की मागचं विसरतात. पण हे काकींना कोण सांगणार? नवव्या दिवशी त्यांच्या घरात पावलांचे ठसे उमटायला लागले. माझ्याच्यानं बघवेना. मी गेलो आणि दिली थाप ठोकून. "पोचला, काकी! त्याचाच मेसेज आलाय. खुशाल आहे, तुमच्या हातच्या भाताची आठवण काढतो, आईला तुमचे फोटो दाखवले म्हणतो..."

काकींनी ऐकून घेतलं. फळीकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्यानं लिवलं आसतं तर 'पोचलो' येवढंच लिवलं आसतं. तुमचं बोलनं लई लांबलं, मास्तर."

मी फोन खिशात घातला.

"त्या दिवशी बी तुमीच आला हुतात. सुनील दवाखान्यात पोचला, बोलतुया, च्या मागतुया. तवा बी आसंच लांबलं हुतं." मग फळीकडे बघत म्हणाल्या, "पावनं येनार हुतं त्या दिवशी. त्याची गाडी वळली न्हाई तंवर मी झाडाया घेतलं."

त्यानंतरची बारा वर्षं समोरासमोर काढली, पण हे मला ठाऊक नव्हतं. माझी थाप मात्र त्यांना तेव्हापासून ठाऊक होती. आणि तरी रोज माझ्याच दारात येऊन विचारत होत्या.

"मेसेज आलेला नाही, काकी," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. दोन्ही वेळा."

"बरं," त्या म्हणाल्या. "बसा. च्या टाकते."

त्या धुळीत बसून मी चहा प्यालो. उठताना म्हणाल्या, "घरी गेलात की हाक मारा."

मधला रस्ता वीस पावलांचा. मी तो ओलांडला, आमच्या दारात उभा राहिलो आणि या वयात जेवढा निघेल तेवढा आवाज काढून ओरडलो, "काकी, पोचलो!"

जरा वेळानं समोरून केरसुणीचा आवाज आला. त्यांनी ओसरी तेवढी झाडली. आतली खोली अजून तशीच आहे.