सम खिडक्या, विषम खिडक्या

"आज नाही," कार्यालयाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सिस्टीमबाई म्हणाल्या. "शनिवारी कार्यालय बंद झाल्यावर करते."

वाहन परवाना कार्यालयाच्या साहेबांना ‘नाही’ हा शब्द खालून वर येताना ऐकायची सवय नव्हती. त्यांच्या अनुभवात तो कायम वरून खालीच जायचा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बाई अजून तिथेच उभ्या आहेत याची खात्री करून घेतली.

मामला दोन तारांचा होता. तळमजल्यावरच्या कुलूपबंद खोलीत एक सर्व्हर होता. दिसायला एकच लोखंडी पेटी, पण तिच्या पोटात सहा आभासी सर्व्हर एकत्र कुटुंबासारखे राहत होते. एक अर्ज सांभाळायचा, एक फोटो, एक डोळ्यांच्या तपासणीचे निकाल, असं ज्याचं त्याचं काम ठरलेलं. या पेटीतून दोन तारा निघून शेजारच्या स्विचला, म्हणजे जोडण्या वाटून देणाऱ्या डब्याला, जात आणि तिथून सगळ्या खिडक्यांवरच्या कॉम्प्युटरना. दोनपैकी एकच तार काम करायची. दुसरी राखीव होती, पहिली तुटलीच तर म्हणून.

साहेबांनी वरच्या एका बैठकीत ऐकलं होतं, की दोन्ही तारांची मोट बांधता येते. दोन मिळून एक होतात आणि कामाचा भार दोघींवर वाटला जातो. बैठकीत बाकीचे साहेब माना डोलवत होते, तेव्हा आमच्याकडे दोन दिवसांत होतंच आहे, असं हे बोलून बसले होते. आता उद्या मोठे साहेब बघायला येणार होते.

बाईंचा मोट बांधायला विरोध नव्हता. सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच तसं लिहून दिलं होतं आणि तो कागद कुठल्यातरी फायलीत सुखाने झोपला होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की हे सर्व्हरला आणि स्विचला दोघांनाही एकाच वेळी सांगावं लागतं. एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला सांगायचं राहिलं, तर होतं तेही जातं. आणि या घडीला हॉलमध्ये दोनशे माणसं बसली होती.

"दोन तारा जोडायला मुहूर्त लागतो का हो?" साहेबांनी विचारलं.

"मुहूर्त नाही लागत. रिकामा हॉल लागतो."

साहेब म्हणाले, ठीक आहे, ज्याला भीती वाटत नाही अशा माणसाकडून करून घेतो. बाई म्हणाल्या, जरूर घ्या, फक्त त्याच्याकडून लिहूनही घ्या. आणि त्या खाली निघून गेल्या.

त्या दिवशीचा बाईंचा हा दुसरा नकार होता. पहिला त्यांनी सकाळीच, घरी, नवऱ्याला दिला होता. सासूबाईंच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि नूतनीकरणासाठी त्या आज याच कार्यालयात येणार होत्या. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मागच्या महिन्यात त्यांनी गाडीची डावी बाजू फाटकाच्या खांबाला घासली होती. खांब चुकीच्या जागी बांधलाय, हे त्यांचं मत. आईने आता गाडी चालवूच नये, हे त्यांच्या मुलाचं. पण हे आईला तोंडावर सांगायची त्याची छाती नव्हती.

"तुझ्याच ऑफिसात काम आहे ना? एखादा कागद कमी आहे म्हण," तो बायकोला म्हणाला. "महिनाभर तरी लटकव."

बाईंनी त्याला हळू आवाजात पण स्पष्ट सांगितलं, की सांगायचं असेल तर तूच सांग, मी असली कामं करत नाही. पलीकडच्या खोलीत सासूबाई पर्स आवरत होत्या. त्यांना या संभाषणातला नेमका अर्धा भाग ऐकू गेला. मुलाचा.

अकरा वाजता साहेबांचा सल्लागार आला. इस्त्रीचा शर्ट, पातळ लॅपटॉप आणि चेहऱ्यावर आपण आल्यामुळे काम झाल्यातच जमा आहे असा भाव. साहेबांनी त्याला खोलीची किल्ली दिली आणि स्विचचा पासवर्डही. वीस मिनिटांत तो बाहेर आला. झालं म्हणाला, सुरक्षेसाठी पासवर्डही बदललाय म्हणाला आणि पुढच्या कामाला निघून गेला. साहेबांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मोठ्या साहेबांना संदेश पाठवला, की भारवाटप यशस्वी.

भार वाटला गेला होता, हे खरं होतं. साडेअकराला एक नंबरची खिडकी अडली. मग तीन, मग पाच, मग सात. पडद्यावर एक छोटं वर्तुळ फिरत राहायचं आणि काही उघडायचं नाही. शेजारच्या दोन, चार, सहा आणि आठ नंबरच्या खिडक्या मात्र मजेत चालू होत्या.

आपली खिडकी बंद पडली तर माणूस नशिबाला दोष देतो. पण शेजाऱ्याची चालू असेल, तर तो शेजाऱ्याकडे बघतो. तीन नंबरच्या कारकुनाने चार नंबरकडे असं पाहिलं, की चार नंबरवाल्या बाई उगाचच पदर सारखा करून काम हळू करू लागल्या. पाच नंबरच्या कारकुनाने जरा जास्त विचार केला. दोष जागेत आहे, असा निष्कर्ष काढून त्याने आपला कॉम्प्युटर उचलला, सहा नंबरच्या टेबलावर नेला आणि तिथली तार काढून आपल्याला लावून घेतली. पण दोष जागेत नव्हता, त्यामुळे त्याचं वर्तुळ तिथेही फिरतच राहिलं. आता पाच तर बंद होतीच, सहाही बंद पडली. सहा नंबरचा कारकून अबोल माणूस होता. त्याने सरळ आपला कॉम्प्युटर उचलला आणि पाच नंबरवर नेऊन लावला. तिथे तो लगेच सुरू झाला, आणि सहाची रांगही उठून त्याच्यामागे तिकडे गेली. पाच नंबरवाल्याच्या रक्तदाबाला हे मानवलं नाही.

हॉलमध्ये सासूबाई सत्तावन्न नंबरचं टोकन घेऊन पाच नंबरच्या रांगेत बसल्या होत्या. अडल्या त्या खिडक्या एक, तीन, पाच, सात, हे त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. शेजारणीला त्या म्हणाल्या, की बघा, सगळ्या विषम आहेत. हे वाक्य हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत, आज विषम टोकनवाल्यांचं काम होणार नाही, असं झालं. लोकांनी टोकनं बदलायला सुरुवात केली. टोकनाचा याच्याशी काही संबंध नाही, हे सासूबाईंनी तीनदा समजावून सांगितलं. वर्गात जेवढं कुणी ऐकायचं, तेवढंच इथेही ऐकलं.

एवढ्यात साहेब जिन्यावर येऊन उभे राहिले. त्यांनी हॉलवर नजर फिरवली आणि अर्धं काम अगदी सुरळीत चालू असल्याचं जाहीर केलं. उरलेल्या अर्ध्या लोकांनी जो आवाज केला, तो ऐकून ते लगेच परत वर गेले आणि त्यांनी सिस्टीमबाईंना बोलावणं धाडलं.

बाई वर निघाल्या होत्या, तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी सासूबाईंनी त्यांना गाठलं.

"खरं सांग. माझा परवाना होऊ नये म्हणून एवढं सगळं बंद पाडलंस?"

आवाजात राग होता, पण एका म्हातारीसाठी अख्खं कार्यालय आडवं होतं, याचा थोडा अभिमानही होता.

"आई, तुमचा एक अर्ज अडवायचा असता तर मला एक मिनिट पुरलं असतं," बाई म्हणाल्या. "त्यासाठी शंभर माणसं कशाला अडवू?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. युक्तिवादात त्यांना चूक सापडेना.

"हे बरोबर आहे. मग कुणी केलं?"

"किल्ली ज्यांच्या खिशात आहे, त्यांनी."

वर साहेबांनी एक कागद तयार ठेवला होता. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे आज कामकाज विस्कळीत झाले, त्याबद्दल मी दिलगीर आहे,’ असा मजकूर, आणि खाली सहीसाठी बाईंचं पद टाइप केलेलं. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. सही करा, किल्ली घ्या, दुरुस्त करा.

बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला.

"मजकूर चांगला आहे, साहेब. फक्त खालचं नाव बदलावं लागेल."

साहेबांनी आवाज चढवला. खाली लोक खोळंबलेत आणि तुम्हाला सहीचं पडलंय, असं बरंच काही ते बोलले. बाई म्हणाल्या, की मी आत्ता जाऊन दुरुस्त करायला तयार आहे, किल्लीच तेवढी द्या. पण मी केलं नाही त्यावर सही करणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. नोकरी गेली तर काय, हा विचार त्यांच्या मनात आला होताच, पण तो त्यांनी साहेबांना दिसू दिला नाही.

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई आत आल्या आणि त्यांच्या मागे पाच नंबरची जवळजवळ निम्मी रांग.

"ह्या बाईंना किल्ली द्या," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, आपण कोण?"

"मी सत्तावन्न नंबर."

आपण सासू-सुना आहोत, हे दोघींनीही कळू दिलं नाही. साहेब रांगेला समजावू लागले, की दोष या बाईंचा आहे, काम तर एका तज्ज्ञ माणसाने चोख केलेलं आहे. विश्वास बसत नसेल तर त्याच्याच तोंडून ऐका, म्हणून त्यांनी सल्लागाराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

सल्लागार कुठेतरी जेवत असावा. तो मोकळेपणाने बोलला.

"स्विचची बाजू मी केलीय, सर. सर्व्हरच्या बाजूचं तुमच्या बाईंनी लगेच करायचं होतं. तुम्ही त्यांना सांगितलं असेलच ना?"

फोनमधून घास चावल्याचा आवाज तेवढा येत राहिला. साहेबांनी फोन बंद केला, खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर, कागदाच्या अगदी शेजारी ठेवली. बाईंनी फक्त किल्ली उचलली.

खाली जाता जाता, मागे लागलेल्या सासूबाईंना त्यांनी सांगितलं, की स्विच आता दोन्ही तारांना एकच समजतोय. सम नंबरच्या कॉम्प्युटरचं सगळं तो पहिल्या तारेवरून पाठवतो, विषमचं सगळं दुसरीवर टाकतो. सर्व्हर मात्र दुसरीला अजून राखीवच समजतोय, त्यामुळे तिच्यावरून येईल ते तो घेतच नाही.

"म्हणजे नंबर कॉम्प्युटरचा. खुर्चीचा नाही," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मी त्या पाच नंबरवाल्याला सांगत होते."

खोलीत बाईंनी तारांवरच्या चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. दोन्ही बाजू नीट लावायच्या तर तासभर शांतपणे काम करायला हवं होतं आणि स्विचचा पासवर्ड त्या जेवणाऱ्या माणसाकडे होता. त्यांनी दुसरी तार धरली, खटका दाबला आणि ओढून काढली. आता स्विचला दुसरीकडे काही पाठवायला जागाच उरली नाही. हॉलमधून आधी एक ‘आलं’ ऐकू आलं, मग चार-पाच एकदम.

साहेब दारात उभे होते. लोंबणाऱ्या तारेकडे बघत ते हलक्या आवाजात म्हणाले, की उद्या मोठे साहेब तारा मोजतील, निदान खोचून तरी ठेवा.

"नाही," बाई म्हणाल्या. "शनिवारी दुपारी दोन्ही बाजू मी स्वतः लावीन. तसा लेखी आदेश द्या, आणि तो पासवर्डही."

आदेश साहेबांनी तिथेच, भिंतीला कागद टेकवून, स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर जरा तिरकं आलं.

यानंतर पाच नंबरची खिडकी इतकी सुसाट चालली, की अर्ध्या तासात सासूबाईंचा नंबर लागला. डोळ्यांच्या तपासणीत त्यांनी शेवटची ओळही वाचली आणि तिच्यातलं एक अक्षर फिकट छापलंय, हेही दाखवून दिलं. कारकुनाने अर्जावरचा फोन नंबर टाकला. तो मुलाचा होता, कारण घरातले सगळे सरकारी फॉर्म तोच भरायचा. कारकून पडद्याकडे बघत थांबला.

"ह्याच नंबरवर आणखी एक परवाना दिसतोय. मुदत संपून दोन वर्षं झालीत. तुमच्या घरातले का?"

सासूबाईंनी पडदा स्वतःकडे वळवायला लावला आणि पोटच्या पोराचा फोटो नीट न्याहाळला.

"माझा मुलगा. एक कोरा फॉर्म द्या."

पाच वाजता मुलगा दोघींना घ्यायला गाडी घेऊन आला. इंजिन चालूच ठेवून त्याने आधी बायकोच्या चेहऱ्यावरून काही अंदाज येतो का ते पाहिलं. आला नाही. मग त्याने काळजीच्या सुरात विचारलं, की काय गं आई, झालं का काम, की कागद कमी पडला?

"माझं झालं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो फॉर्म खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवला. "तुझं दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं."

त्याने फॉर्म पाहिला, वर लिहिलेली त्याच्या परवान्याची मुदत संपल्याची तारीख पाहिली, कारण तिच्याभोवती कुणीतरी लाल पेनाने, शिक्षकांच्या हाताने, गोल काढला होता. बाई मागे जाऊन बसल्या. सासूबाईंनी त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि तो पलीकडच्या सीटवर सरकेपर्यंत शांतपणे उभ्या राहिल्या. मग आत बसून त्यांनी आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि गाडी काढली.