शांतवनभाऊंचा अडलेला धडा

बायको गेलेल्या माणसाला "सुटलात हो!" म्हणणारी बाई मी अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेत एकच पाहिली आहे, आणि तीही आरशात. तेव्हा मी साठीची, म्हणजे तशी कोवळीच. जीभ तेवढी पिकलेली होती.

शांतवनभाऊ आमचे शेजारी. कारखान्यातून निवृत्त झाले, पाठोपाठ राहेलवहिनी गेल्या, आणि यांनी घरबसल्या ख्रिस्ती धर्मशास्त्राची परीक्षा द्यायचं काढलं. विषय, ख्रिस्त आणि देवाचं राज्य. "मरायच्या आधी हे कळलं पाहिजे वहिनी," म्हणायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून धडे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत मी पेत्र आणि पौलाच्या सोबतीत!

देवाचं राज्य ख्रिस्ताबरोबर आलंय, पण पुरतं यायचं बाकी आहे, असं पुस्तकात होतं. भाऊंनी ते पार घरगुती करून टाकलं.

"भाऊ, नळाला पाणी आलं का?"

"आलंय, पण अजून यायचंय."

म्हणजे करंगळीएवढी धार, हे आपण ओळखायचं.

त्या राज्यात शेवटचे ते पहिले होणार, म्हणून टँकर आला की हे हंडा घेऊन सगळ्यांच्या मागे. मागून कोणी आलं की, "तुम्ही व्हा पुढं." यांची पाळी येईतो टँकर कोरडा. तळमजल्यावरचे सिंधी अंकल ओरडायचे, "अरे शांतवन, तेरे राज में पानी किधर है?" मग आमच्यातली एक कळशी त्यांच्याकडे जायची.

एका धड्यावर मात्र गाडी हटकून अडायची. मेलेले उठतील तेव्हा लग्न करणं नाही, करून देणं नाही, असं ख्रिस्तानं सांगितलंय, तो धडा. तो आला की भाऊ उठलेच. "आज इथंच थांबू. चहा टाकतो." त्यापायी एकदा परीक्षाही बुडवली.

पुढच्या परीक्षेच्या तोंडावर, भाऊंनी उठून चहा टाकला तरी, मी हट्टानं तो धडा शेवटपर्यंत वाचला, आणि वर टाळीसाठी हात पुढे केला. "सुटलात हो भाऊ! तिकडे तरी संसार नाही!"

हात तसाच राहिला. चहा उतू गेला, गॅस मीच बंद केला.

"लग्न नसू दे वहिनी. त्यानं सांगितलंय, मान्य आहे मला. पण राहेल नुसतं ओळखेल ना मला? तेवढं लिहिलंय का कुठं? पुढं वाचा ना."