अप्पांची थर्ड पार्टी

गाडीच्या अपघाताची गोष्ट सांगतो म्हणलं की लोक पुढं सरकून बसतात. तुम्ही पण सरकला असाल. आधीच सांगून टाकतो, ह्यात रक्त नाही, दवाखाना नाही, पोलीस पण नाही. मेल्या त्या घागरी, आणि जखमी झाला तो हौद. आता निवांत टेकून बसा.

आमच्या गल्लीत शिवलिंगअप्पा राहायचे. कपाळभर विभूती, पांढरंफेक धोतर आणि गोलाईच्या बाजारात भुसार दुकान. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि अप्पांनी ते मनावर घेतलं होतं. दाढीला बसले की न्हाव्याला म्हणायचे, "ब्लेड नवं लाव. आता जिल्हा झालाय." नळाला पाणी नव्हतं, विहिरी कोरड्या होत्या, पण जिल्हा होता.

गावात कुणाची गाडी विकायला निघाली की अप्पा ट्रायलला हजर. स्कूटर झाली, टेम्पो झाला, एकदा तर ट्रॅक्टर. ट्रायल पण चौकातून वळून यायची नाही, थेट वीस किलोमीटरवरच्या औशापर्यंत. परत आले की टायरला लाथ मारून म्हणायचे, "गाडी झकास हाय. पर आवाज लई करती, बोलल्यालं ऐकू येत न्हाई." संपला सौदा.

आणि एक नियम. गाडीत तिसरा माणूस पाहिजेच. एक अप्पा, दुसरा गाडीवाला, आणि तिसरा रस्त्यात जो घावेल तो.

"कागदावर काय लिवलंय? थर्ड पार्टी. मग थर्ड पार्टी नको का गाडीत? तिसरा नसला तर इन्शुरन्स लागू व्हईल का, सांग की."

स्कूटरवर सुद्धा तिसरा. हवालदारानं अडवलं तर त्यालाच उलटा इन्शुरन्स समजावून सांगायचे. मी पानटपरीवर धोतराचा सोगा धरल्यासारखं करून ही नक्कल करायचो. चहा फुकट मिळायचा.

मग माझ्या मामानं लिलावात एक जुनी सरकारी जीप घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात विकायला काढली. अप्पा आलेच. मामानं चावी दिली, सोबत मला दिलं. कोपऱ्यावर गल्लीतल्या राधाबाई उभ्या होत्या. टँकर संध्याकाळी येणार, म्हणून गल्लीच्या हौदाजवळच्या रांगेत त्यांनी सकाळीच आपली घागर पहिल्या नंबरला ठेवली होती. सगळ्याच बाया तसंच करायच्या. दुपारपर्यंत घागर रांगेत, बाई घरी. मग निम्मा दिवस बाई पण रांगेत.

"बसा राधाबाई, थर्ड पार्टी कमी पडायली," अप्पा म्हणले. राधाबाई मागं बसल्या आणि औशापर्यंत भाचीच्या लग्नाची गोष्ट सांगत राहिल्या. येताना गल्लीत शिरलो तेव्हा गोष्टीत नवरदेव रुसून बसला होता. अप्पांनी मान मागं वळवली, "मग?"

मग काय, जीप रांगेत शिरली. शेवटच्या नंबरापासून पहिल्या नंबरापर्यंत, कुणाचाही नंबर न चुकवता, आणि शेवटी हौदाला टेकली. भिंतीला ही मोठी भेग.

भेग बुजल्याशिवाय टँकर रिकामा करायचा कुठं? तो दुसऱ्या गल्लीत जायला लागला. बाया चेपलेल्या घागरी घेऊन मामाच्या दारात बसल्या. इन्शुरन्स मिळाला नाही तर हौद आणि घागरी सगळं मामाच्या डोक्यावर. मामा मला म्हणला, "आता कर नक्कल."

नांदेडहून कंपनीचा सर्व्हेअर आला. हौद बघितला, घागरी मोजल्या.

"गाडी मालकाच्या इजाजतीनं दिली होती?"

"ट्रायलला दिली होती साहेब. चावी मीच दिली," मामा म्हणला.

"मग ठीक. लायसन आहे, ट्रायल आहे, बाहेरच्याचं नुकसान कंपनी देईल. पण गाडीत ह्या बाई काय करून राहिल्या होत्या? भाड्याची शीटं भरत असाल, तर क्लेम विसरा."

"मी थर्ड पार्टी हाय," राधाबाई ठसक्यात बोलल्या.

"तुम्ही आत होता का बाहेर?"

"मी आत. घागर बाहेर."

सर्व्हेअरनं पेन खाली ठेवलं. "बाई, आत बसलेला थर्ड पार्टी नसतो. खरं सांगा, भाडं किती दिलं?"

मामाचं तोंड उतरलं. अप्पा ओट्यावरून उठले.

"साहेब, भाडं न्हाई. थर्ड पार्टी म्हंजे रस्त्यावरचा माणूस, हे मला ठाऊक हाय. माझी स्वतःची मोटार होती. घरची मालकीण होती तवर इन्शुरन्स मीच भरायचो."

"मग ह्यांना कशाला बसवलं?"

अप्पांनी सोगा सावरला. "दोघात बोलणं लवकर सरतंय. तिसरा असला की चालू ऱ्हातंय. दुकान बंद केल्यावर घरात मी एकटा. मोटार घेऊन बसवू कुणाला? म्हणून लोकाच्या गाडीत लोकं बसवायलोय. ह्यात ह्या पोराच्या मामाचा काय गुन्हा न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची नक्कल सुचली नाही.

सर्व्हेअरनं राधाबाईंकडं बघितलं.

"एक पैसा न्हाई दिला," त्या म्हणल्या. "उलट औशाला मलाच केळी घेऊन दिली."

त्यानं पेन उचललं आणि लिहिलं, ट्रायल. हौदाचं आणि घागरींचं पुढं मंजूर झालं.

पण तो गेल्या गेल्या राधाबाई उठल्या, पदर खोचला आणि अप्पांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही समजलो, आता घागरीचं निघणार.

"शाणे हाव का ओ अप्पा तुमी? बोलाय माणूस पायजे तर तोंडानं सांगाव की. आमची घागर चेपायची काय गरज? हौदावर रोज निम्मा निम्मा दिवस रांगंत बसायलाव आमी. तोंडाशिवाय दुसरं काय चालतंय का हितं? भेग बुजली की गपगुमान यायचं आन बसायचं. आन मोकळ्या हातानं येऊ नका. बाप्या माणूस उगंच बायांत बसला तर लोकं काय म्हणतील? घागर घेऊन या."