डब्याच्या झाकणावरची ओळ

बाबा गेल्याच्या शंभराव्या दिवसाच्या डब्यांवर कोणतं चित्र छापायचं यावर घरात चटकन एकमत झालं, तेव्हाच वेनिंगनं सावध व्हायला हवं होतं. योग्याकार्तातल्या त्या घरात एरवी नारळ कोणत्या दुकानातून आणायचे यावरही दोन पक्ष पडत. प्रार्थनेनंतर पाहुण्यांच्या हाती जेवणाचा डबा द्यायचा, झाकणावर बाबांचं पूर्ण नाव, तारीख आणि वर बाबांनीच काढलेली लठ्ठ पाल, असं ठरलं. जेवणाच्या डब्यावर पाल बरी दिसेल का, एवढी शंका बाबांच्या थोरल्या बहिणीनं, बुधे यातमीनं, काढली. मग पालीला काळी टोपी घालून तिला जरा भारदस्त करण्यात आलं.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. निवृत्तीनंतर ते टॅबलेटवर पत्ते खेळत बसतात असा घरच्यांचा समज होता. ते गेल्यावर वेनिंगनं टॅबलेट उघडला, तर इंटरनेटवरच्या एका पानावर अकरा हजार माणसं दर शुक्रवारी बाबांच्या त्या पालीची वाट बघत होती.

त्यांनाही कळावं म्हणून तिनं झाकणाचा नमुना बाबांच्या पानावर टाकला. तासाभरात चाळीस जणांनी हळहळ व्यक्त केली आणि एकानं तक्रार. सुराबायाच्या एका औषधाच्या दुकानात काम करणारा गालिह हे पान सांभाळत असे. त्यानं अतिशय नम्रपणे कळवलं की ही चित्रं कुणीही घ्यावी, बदलावी, छापावी अशी कलाकाराची मोकळीक आहे. पण अटी आहेत. खाली 'चित्र : वेनिंगचे बाबा' असं लिहायचं, बदल केला असेल तर तो सांगायचा, आणि बदललेलं चित्रही इतरांना तसंच मोकळं ठेवायचं. इथं ती ओळ नाही, टोपीचा उल्लेख नाही, आणि वर 'सर्व हक्क राखीव' असं छापलंय. ते शेवटचं छापखानेवाल्याचं काम. तो लग्नपत्रिकेवरही तसंच छापत असे.

"मी त्यांची मुलगी आहे," वेनिंगनं लिहिलं. "मीच वेनिंग."

उत्तराला जरा वेळ लागला. "ताई, गेल्या महिन्यात दोन वेनिंग येऊन गेल्या. त्यातली एक तर मिशीवाली होती."

तिनं ओळखपत्र पाठवलं. त्यावर बाबांचं नाव नव्हतं. मग कुटुंबाचं कार्ड पाठवलं.

"यावरून सारजिता हे तुमचे बाबा, म्हणजे वेनिंगचे बाबा, हे कळलं," गालिहनं लिहिलं. "पण वेनिंगचे बाबा म्हणजेच 'वेनिंगचे बाबा', हे कशावरून?"

वेनिंगनं यावर बराच विचार केला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि हाच सगळा घोटाळा होता.

शेवटी, ओळ छापून टाकू, असं तिनं बुधेला सांगितलं. खरं तर ती ओळ तिला मनापासून हवी होती. बाबांनी स्वतःसाठी निवडलेलं नाव तिनं बाबांच्या मागे पहिल्यांदा वाचलं होतं. पण बुधे ऐकेना.

"वर माझ्या भावाचं नाव आणि खाली कुणा भलत्याचं? लोक विचारतील, हा दुसरा कोण?"

"बुधे, ते बाबाच आहेत."

"मग एकदा लिहिलंय ना वर? दीडशे डबे आहेत, दीडशे जणांना काय समजावत बसणार तू?"

छापखान्याची पाचची मुदत होती. साडेचारला वेनिंगनं टॅबलेट पुन्हा उघडला. बाबांचं शेवटचं, पानावर कधीच न गेलेलं चित्र तिनं आजवर कुणाला दाखवलं नव्हतं. त्याचा फोटो काढून तिनं गालिहला पाठवला.

या वेळी त्यानं फोनच केला. "शेपटी अर्धीच आहे," तो म्हणाला.

"हो."

मग त्यानं माफी मागितली. ती वारस आहे, चित्रं आता तिचीच, अटी परक्यांसाठी असतात, तिच्यासाठी नाहीत. ती ओळ घालायची काही गरज नाही, असं त्यानं चारचारदा सांगितलं.

तीन दिवस भांडून मिळालेला विजय घेऊन वेनिंग तशीच उभी राहिली. स्वयंपाकघरातून बुधेनं विचारलं, "काय म्हणतोय तो? घालायची का ती ओळ, की सुटलो?"

वेनिंगनं आवाज खाली आणला. "गालिह, एक काम करा. मी त्यांची कुणी नाही असं लिहून पाठवा. आणि जरा कडक लिहा."

कडक लिहिणं त्याला जमत नसावं, कारण निरोप यायला दहा मिनिटं लागली. तिनं तो बुधेपुढे धरला. बुधेनं हात पुसून चष्मा लावला. 'आपण कलाकाराच्या कोणीही नसल्यामुळे आपणांस नाव छापणे बंधनकारक आहे.' तिनं तो दोनदा वाचला. तिचे कान लाल झाले.

"तू कोणी नाहीस?" ती म्हणाली. "हा कोण टिकोजीराव सांगणारा? लाव छापखान्याला फोन. वेनिंगचे बाबा म्हणावं, आणि वरच्या नावापेक्षा ठळक. दिसू दे त्याला."