चौथा पुकारा

आमच्या बिल्डिंगमधल्या नवरा-बायकोला मल्लिनाथअण्णा साधी हाक मारत नाहीत. जिन्यात उभे राहतात, घसा ताणतात आणि ओरडतात, "दिलीप पाटील विरुद्ध शोभा पाटीऽऽल! हाजीर हाय का?" मी हातातली भांडी टाकून दार उघडते. तर पार्सल आलेलं असतं.

अण्णा चौतीस वर्षं कोर्टात पट्टेवाले होते. दारात उभं राहून पक्षकारांची नावं तीनदा पुकारायची, हे काम. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी 'हजर' म्हटलं नाही, की विषय संपला. रिटायर झाले, काकू गेल्या, घरात एकटे राहिले, पण पुकारा काही सुटला नाही. भाजीवाल्यालासुद्धा तीनदाच पुकारतात. नंतर तो बिचारा खाली कितीही बोंबलला तरी मेथीची काडी घेत नाहीत. "चौथा पुकारा नसतोय," एवढंच म्हणतात.

दुसरं खूळ म्हणजे तैवान. हो, तैवानच. त्यांची लेक सुवर्णा तिथं चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. चार वर्षांत घरी आली नव्हती, पण अण्णांना तिथली खडान्‌खडा माहिती. "तैवानात कॉलेजची पोरं विधिमंडळात घुसून तीन आठवडे बसली, शोभाताई! आन् तुमी? चार दिवसांनी पाणी येतंय, तर बादल्या घेऊन एकमेकींशी भांडताव." दुसऱ्या दिवशी नवीन. "तितं आता साधी माणसंबी जज्जसायबाच्या शेजारी बसून निकाल देत्यात. भाजीवालासुदिक!"

"आपला भाजीवाला बसला तर आधी तुम्हालाच आत टाकेल," मी म्हटलं. माझं तोंड आधीच फटकळ.

सुवर्णाच्या लग्नाचं मात्र काढायची सोय नव्हती. मी नातेपुत्याचं स्थळ आणलं, मुलाचं स्वतःचं खताचं दुकान. अण्णांनी फोटो बघितलासुद्धा नाही. "मॅटर पेंडिंग हाय," म्हणाले आणि परत मोबाईलमध्ये डोकं घातलं.

एक दिवस ते न पुकारता माझ्या दारात आले. मी घाबरलेच. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तितला नियम बदलला."

मग सगळं बाहेर आलं. सुवर्णा तिथं एका मुलीबरोबर राहत होती. दोन बायकांचं लग्न तिथं कायद्यानं होतं, पण आपल्याकडं असा कायदा नाही, म्हणून आपल्या पोरीला तिथंही ते करता येत नव्हतं. आता ती आडकाठी निघाली होती.

"अगं बाई! लोक काय म्हणतील?" माझ्या तोंडून निघालंच.

"म्याबी त्येच म्हणलंतो," अण्णा म्हणाले. "'हितं पाय ठिवू नको' म्हणून फोन आपटला. तवापासनं ती बोलंना, मी बोलंना. नुस्ता तारखा बघत बसलो."

मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. फक्त आमच्या ह्यांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळलं. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढं काही महिन्यांनी सुवर्णाचा मेसेज आला. 'लग्न केलंय. रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघी गेटवर येतो. दहा मिनिटं थांबू. तुम्हाला नको असेल तर दार उघडू नका, आम्ही परत जाऊ.' अण्णांनी मला तो दाखवला. तीही बातमी फुटली, आणि सोसायटीचे सेक्रेटरी अण्णांना सांगून गेले, "बिल्डिंगमध्ये लेकरंबाळं आहेत, अण्णा. त्या दोघींना लॉजवर उतरवा."  अण्णा मात्र रोज पहाटे गच्चीवर जाऊन काहीतरी पुटपुटायचे. मी कपडे वाळत घालायला गेले की तोंड मिटायचे.

रविवारी दहाला रिक्षा आली. गॅलऱ्या भरलेल्या, जसा काही गड्ड्याच्या जत्रेतला तमाशाच बघायचाय. गेटशी सेक्रेटरी हाताची घडी घालून उभे. सुवर्णा उतरली, वाळली होती पोरगी. बरोबर एक ठेंगणी मुलगी, हातात मिठाईचा डबा. त्यांनी रिक्षा सोडली नव्हती.

अण्णांचं दार बंद. पाच मिनिटं झाली, आठ झाली.  सुवर्णानं घड्याळ बघितलं आणि रिक्षावाल्याला खूण केली.  हे सगळं माझ्या जिभेमुळं.

आणि कडी वाजली. अण्णा जिन्याच्या कठड्याशी आले. अंगात कोर्टाचा पांढरा ड्रेस, कडक इस्त्रीचा, वर लाल पट्टा. घसा खाकरला.

"सुवर्णा मल्लिनाथ बिराजदाऽऽर..."

मी डोळे मिटले. पुढं 'विरुद्ध' येणार. जन्मभर तेच आलंय.

"...आणि लिन यीचेऽऽन! हाजीर हाय का?"

'आणि' म्हणाले. आणि ते परकं नाव असं अलगद, जपून उच्चारलं की गच्चीवर पहाटे काय चालायचं ते मला तेव्हा कळलं.

"अण्णा, हे काय चाल..." सेक्रेटरी बोलायला लागले.

"गप बे! कोर्ट चालू हाय." आणि दुसऱ्यांदा पुकारा केला. सुवर्णा तोंडावर हात दाबून उभी होती, हलेना. तिसरा पुकारा झाला. त्या ठेंगण्या मुलीला सगळ्यातलं फक्त स्वतःचं नाव कळलं असणार. तिनं शाळेतल्यासारखा सरळ हात वर केला.

"एकच हजर," अण्णा म्हणाले. 

सुवर्णाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिसरा पुकारा होऊन गेला होता, आणि अण्णांचा नियम मला ठाऊक होता. मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

अण्णा दोन पायऱ्या खाली उतरले. पट्टा खांद्यावरून घसरला होता, त्यांना भानच नव्हतं. चौतीस वर्षं अख्ख्या कोर्टाला ऐकू गेलेला आवाज आता जेमतेम गेटपर्यंत पोचला.

"सुवे... ये की गं वर. माजं चुकलं."